दोनशे अंशांचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

चौथा गिअर
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे ओततो. मी सिम रेसिंगवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवणारा. स्टिअरिंग, पेडल्स, भंगारातून आणलेली गाडीची सीट असा सगळा संसार मांडलाय आणि डोक्यावर व्हीआर हेडसेट (डोळ्यांपुढे स्क्रीन आणि भिंगं धरून आभासी जग दाखवणारा). चित्र आता झकास दिसतं, तक्रार नाही. पण शेजारची गाडी दाराला चिकटली तरी पत्ता लागत नाही. खऱ्या गाडीत नजर समोर असतानाही कडेला काहीतरी सरकल्याचं कळतं ना, ते इथे नाहीच. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसं वाटतं.

माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं २०० अंशांच्या पुढे दिसतं. २०१६ चा एचटीसीचा व्हाइव्ह हेडसेट ११० अंशांच्या आसपासचा. २०२३ चा मेटाचा क्वेस्ट ३ सुद्धा ११० चाच. मधल्या काळात एका डोळ्याचे पिक्सेल १०८० × १२०० वरून २०६४ × २२०८ वर गेले, वायर गेली, भिंगांची जातच बदलली. मग रुंदीच तेवढी जागच्या जागी का? भिंग मोठं, स्क्रीन मोठा, झालं की! यात अवघड काय आहे?

आणि व्यवहाराचं: एक जुना रुंद हेडसेट वापरलेला मिळतोय. घ्यावा की थांबावं?

कोकणी कैरी
पुण्यात दुचाकी चालवत असाल तर २०० नं काय होतंय? ३६० लागतात, वर ड्रोनही लागतो.

उंटावरचा शहाणा
अजिबात घेऊ नका. रुंद हेडसेट म्हणजे दुकानात पाच मिनिटं ‘वाव’ आणि घरी आल्यावर आठवडाभर ‘हे कडेला असं का वाकतंय?’. डोळा मधोमध बघतो, कडेनं नाही. मधलं स्वच्छ असलेले ११० हे धुरकट १७० पेक्षा कधीही बरे. बाकी चालू द्या.

फडताळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. भिंगरीताई कुठे आहेत?

भिंगरी
आलेच. भिंगांचं डिझाइन हे माझं पोटापाण्याचं काम आहे (हेडसेटचं नाही, कॅमेऱ्यांचं), त्यामुळे लांबण लागणार.

‘भिंग मोठं लावलं की झालं’ इथूनच सुरू करू. डोळ्यासमोर ५० मिमी व्यासाचं गोल भिंग धरा. डोळा भिंगापासून १२ मिमीवर असेल तर भिंगाची कड मधल्या रेषेपासून साधारण ६४ अंशांवर येते, म्हणजे एकूण १२८. आता तेच भिंग २० मिमीवर न्या. एकूण उरतात १०३. भिंग तेच, स्क्रीन तोच, नुसते ८ मिमी मागे गेलात आणि २५ अंश गेले. म्हणजे रुंदीची पहिली किंमत डोळा आणि भिंग यांच्यातल्या फटीत मोजायची. तिथे पापण्या असतात, चष्मा असतो, कपाळाचा उंचवटा असतो.

बरं, मग व्यास वाढवू. पण दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिमी. दोन गोल भिंगं त्याहून मोठी केली की एकमेकांवर चढतात, आणि मधे नाकही आहे. म्हणून रुंद हेडसेटमधली भिंगं नाकाकडून कापलेली आणि कानाकडे लांबवलेली दिसतात.

आता खरी मेख. एका डोळ्याला कानाच्या बाजूला ९० अंशांच्याही थोडं मागचं दिसतं, साधारण १०० पर्यंत. सपाट भिंग चेहऱ्याला समांतर धरलं तर ९० अंशांवरून येणारा किरण भिंगाच्या पातळीतच धावेल, भिंगातून येणारच नाही. भिंग टेबलाएवढं केलं तरी नाही. म्हणजे भिंग (आणि स्क्रीनही) बाहेरच्या बाजूला तिरकं तरी करायचं, नाहीतर चेहऱ्याभोवती वळवायचं. पायमॅक्स, स्टारव्हीआर वगैरे रुंद हेडसेटवाल्या कंपन्यांनी तिरकं केलं. व्हॉल्व्हच्या २०१९ च्या इंडेक्सनंही ५ अंशांचा हलका तिरपेपणा दिला आणि डोळ्यापासूनचं अंतर कमीजास्त करायला एक गोल बटण दिलं, त्यातून १३० पर्यंतची मजल मारली. तिरकं केल्यावर काय काय बिघडतं ते पुढच्या प्रतिसादात. आधी जेवून येते.

फडताळ
वाखूसा (वाचनखूण साठवली).

खडूस पिक्सेल
तिरकं केल्यावर बिघडतं त्यातलं एक मी सांगतो, कारण ते निस्तरायला आमच्यासारखे लोक बसतात.

गेम इंजिन (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) चित्र काढतं ते सपाट पडद्यावर, डोळा पडद्याच्या मधोमध समोर आहे असं धरून. पडद्याची रुंदी कोनाच्या स्पर्शज्येच्या, म्हणजे टॅनच्या, प्रमाणात वाढते. एका डोळ्याला १०० अंश द्यायचे तर टॅन ५० म्हणजे १.१९. १६० द्यायचे तर टॅन ८०, म्हणजे ५.६७. मध्यभागी स्पष्टता तेवढीच ठेवायची असेल तर पडदा पावणेपाच पट रुंद. आणि गंमत अशी की हे जास्तीचे पिक्सेल जातात कडेला, जिथे डोळ्याला धड दिसतही नाही. १८० म्हणालात तर टॅन ९०, म्हणजे अनंत. ग्राफिक्स कार्ड रजा मागेल.

उपाय आहे: प्रत्येक डोळ्यासाठी तिरके पडदे, किंवा एकाऐवजी दोन-दोन पडदे जोडून काढायचे. हार्डवेअरला ते जमतं, पण बरेच गेम डोळसपणे लिहिलेले नसतात. दोन्ही डोळ्यांचे पडदे समांतर आहेत असं ते गृहीत धरतात. अशा गेममध्ये तिरका हेडसेट लावला की सावल्या एका डोळ्यात एकीकडे, दुसऱ्यात दुसरीकडे. म्हणून पायमॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘समांतर प्रक्षेपण’ नावाचा पर्याय असतो: गेमला समांतर पडदे दाखवायचे आणि नंतर चित्र फिरवून तिरक्या स्क्रीनवर बसवायचं. गेम चालतो, पण बरेच पिक्सेल फुकट काढले जातात. धागाकर्ते, तुमचं कार्ड कोणतं ते आधी सांगा. हेडसेट स्वस्तात मिळेल, कार्ड मिळणार नाही.

कोकणी कैरी
माका यातला कायव कळूक नाय, पण वाचूक मजा येता.

कागदी वैमानिक
शहाणेसाहेबांशी असहमत. मी फ्लाइट सिमवाला. लँडिंगच्या वेळी धावपट्टी किती जवळ आली हे मधल्या चित्रावरून कमी आणि कडेनं जमीन किती वेगानं सरकतेय त्यावरून जास्त कळतं. रुंद हेडसेटमध्ये हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा चाकं टेकवायचा अंदाज आपोआप सुधारला. चेकियामधली व्हीआरजिनिअर्स कंपनी एक्सटाल नावाचा १८० अंशांचा हेडसेट बनवते. तो कोणासाठी? लढाऊ वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी. ती काय दुकानातल्या ‘वाव’ला भुलणारी माणसं आहेत का?

उंटावरचा शहाणा
त्यांना सरकार पैसे देतं, आणि उलटी झाली तर डॉक्टरही देतं.

गंभीरपणे: रुंदी वाढली की मळमळ वाढते हे माहीतच असेल. कोलंबिया विद्यापीठात फायनर आणि फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये उलट प्रयोग केला. माणूस आभासी जगात चालू लागला की दृष्टिक्षेत्र हळूच आवळायचं, थांबला की पुन्हा सोडायचं. त्रास कमी झाला, आणि बऱ्याच जणांच्या तर ते लक्षातही आलं नाही. गूगल अर्थच्या व्हीआर आवृत्तीत उडताना भोवती बोगदा येतो तो यासाठीच. म्हणजे एकीकडे आपण रुंदीसाठी पैसे मोजणार आणि दुसरीकडे सॉफ्टवेअर ती झाकणार!

डोळस
मी नेत्रतज्ज्ञ, व्हीआरमधला नाही. पण वरच्या दोघांचंही म्हणणं बरोबर आहे आणि त्यात विरोध नाही.

डोळ्याचा मधला भाग बारकावे बघतो. कडेचा भाग बारकावे बघतच नाही. मध्यापासून २० अंश बाजूला गेलात की नजरेची तीक्ष्णता साधारण दशांशावर येते. पण हालचाल आणि लुकलुक टिपण्यात ती कड तरबेज असते. आपण हललो की जग हललं, याचा निवाडा मेंदू बराचसा या कडेवरून करतो. म्हणून वैमानिकाला वेग जाणवतो आणि म्हणूनच दुसऱ्याला मळमळतं. कारण एकच. डोळे म्हणतात वेगात आहोत, कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो खुर्चीत बसलो आहोत.

रेसिंगमध्ये आणि विमानात भोवती कॉकपिटची स्थिर चौकट असते, तिचा पुष्कळांना आधार होतो. चालत फिरायच्या खेळात ती नसते. त्यामुळे चौथा गिअर यांना रुंदी बाधेलच असं नाही.

आणखी एक. डोळे फिरवून माणूस साधारण १५-२० अंशांपर्यंत बघतो, त्यापलीकडे मान वळतेच. म्हणजे ७०-८० अंशांवर काय आहे ते कोणी थेट वाचायला जात नाही. तिथे स्पष्टतेचा हट्ट कशाला?

खडूस पिक्सेल
डोळस यांच्या शेवटच्या वाक्यावरच सगळं अडलंय. स्क्रीनचे पिक्सेल सगळीकडे सारखेच पेरलेले असतात. क्वेस्ट ३ मध्ये अंशाला २५ पिक्सेल पडतात. निकोप डोळ्याची हद्द ६० च्या आसपास. तोच स्क्रीन ताणून एका डोळ्याला १५० अंश द्या: २०६४ भागिले १५० म्हणजे १४ च्याही खाली. आलो की नाही पुन्हा व्हाइव्हच्या काळात? मॉनिटरवरचा मजकूर, दूरचा सिग्नल, पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट, सगळं पुन्हा दाणेदार. गेल्या दहा वर्षांत पिक्सेल वाढले ते सगळे कंपन्यांनी स्पष्टतेच्या खात्यात जमा केले, रुंदीच्या खात्यात काही पडलं नाही. घोडं इथेही पेंड खातंय.

फडताळ
घोड्याची चंगळ आहे.

निवृत्त मास्तर
चर्चा वाचून जुना काळ आठवला. रुंद दृष्टिक्षेत्र ही नवी गोष्ट आहे असा काहींचा समज दिसतो, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांच्या १९६८ च्या, डोक्यावर घालायच्या हेडसेटमध्ये दृष्टिक्षेत्र सुमारे ४० अंश होते. पुढे एरिक हाउलेट या अमेरिकी गृहस्थांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लीप नावाची भिंगप्रणाली तयार केली. ती होती त्रिमितीय छायाचित्रे पाहण्यासाठी, संगणकाचा तिच्याशी संबंध नव्हता. प्रत्येक डोळ्यासमोर बरीच मोठी बहिर्वक्र भिंगे एकापुढे एक, आणि त्यातून फार रुंद दृश्य. अशा भिंगातून चित्राच्या कडा ताणल्या जातात. हाउलेट यांनी ती विकृती घालवण्याचा आटापिटा केलाच नाही. छायाचित्र काढणारा कॅमेराच असा केला की तो नेमक्या उलट दिशेने चित्र आक्रसेल. पाहताना दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय फिल्मचा मध्यभाग जास्त तपशील घेतो आणि कडा कमी. खडूस पिक्सेल यांना हवे आहे तेच!

१९८५ मध्ये नासाच्या एम्स केंद्राने आपल्या हेडसेटसाठी हीच भिंगे घेतली. आज ऑक्युलसपासून पुढच्या सर्व हेडसेटमध्ये कॅमेऱ्याच्या जागी ग्राफिक्स कार्ड आले आहे, ते चित्र आधीच उलटे फुगवून पाठवते. तांबडा, हिरवा, निळा यांना वेगवेगळ्या प्रमाणात फुगवून रंगांच्या झालरीही काढून टाकते. २०१२ नंतर साध्या, हलक्या भिंगावर हेडसेट उभा राहू शकला तो यामुळे.

भिंगरी
मास्तर, दंडवत! लीपचा मुद्दा माझ्या डोक्यात होता, पण इतका नेटका मांडता आला नसता.

एक पुरवणी, कारण इथूनच ‘कडेला वाकतं’चा खुलासा होतो. ही उलटी फुगवण डोळा एका ठरावीक बिंदूवर आहे असं धरून केलेली असते. पण डोळा फिरतो, आणि फिरला की बाहुली काही मिलिमीटर सरकते. भिंग अगदी जवळ आणि फार वक्र असेल तर तेवढ्यानंही विकृतीचा नकाशा बदलतो. रुंद हेडसेट लावून दाराच्या चौकटीकडे बघा. समोर धरली तर सरळ. नजर तिच्यावर ठेवून मान हळूहळू वळवा, चौकट कडेकडे जाताना पोटात वाकते आणि परत आणली की सरळ होते. दार जेलीचं असावं तसं. नुसत्या भिंगाकडून हे घालवायचं तर भिंगांची संख्या आणि वजन वाढतं. नाहीतर डोळ्याचा माग काढणारे कॅमेरे बसवून क्षणाक्षणाला फुगवण बदलायची. तेही आता होऊ लागलंय, पण त्याची वेगळी डोकेदुखी.

आता भिंगांच्या जाती. साध्या काचेचं रुंद भिंग जाडजूड, म्हणून फ्रेनेल आलं. १८२० च्या दशकात दीपस्तंभांसाठी केलेली युक्ती: भिंगाचं पोट काढून टाकायचं आणि पृष्ठभागाची वळणं कड्याकड्यांनी ठेवायची. पातळ, हलकं, मोठं करायला सोपं. व्हाइव्हमध्ये हेच. स्टारव्हीआरनं २१० अंशांसाठी एका डोळ्याला दोन फ्रेनेल भिंगं एकापुढे एक लावली. पण प्रत्येक कड्याची उभी भिंत प्रकाश विखुरते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्यापासून किरणांचे पिसारे निघतात. कडेकडे भिंती जास्त, म्हणून जितकं रुंद तितके पिसारे.

मग पॅनकेक. इथे प्रकाशाची घडी घातली जाते. स्क्रीनचा प्रकाश आधी अर्धपारदर्शक आरशातून आत येतो, पुढच्या पोलरायझरवर (एकाच प्रकारे कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या पापुद्र्यावर) आपटून मागे जातो, आरशावरून पुन्हा पुढे येतो आणि या खेपेस ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, बदललेलं असल्यामुळे पोलरायझरमधून डोळ्याकडे सुटतो. तेवढ्याच फटीत तीन फेऱ्या, म्हणून हेडसेट पातळ. पण आरशाशी दोनदा गाठ पडते आणि दर वेळी अर्धा प्रकाश जातो. म्हणजे सगळं आदर्श धरलं तरी चतुर्थांशच हाती लागतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. शिवाय ही ध्रुवणाची कसरत सरळ येणाऱ्या किरणांसाठी चोख चालते. किरण तिरपे झाले की थोडा प्रकाश चुकीच्या फेरीत निसटतो आणि भुतासारखं दुसरं फिकट चित्र दिसतं. आणि रुंद करायचं म्हणजे तिरपे किरणच वाढवायचे.

कागदी वैमानिक
पॅनकेक नवीन नाही हे मात्र नोंदवून ठेवतो. विमानांच्या सिम्युलेटरमध्ये खिडकीबाहेरचं दृश्य दूरवर दिसावं म्हणून फॅरँड ऑप्टिकलच्या ला रुसा यांनी हीच घडी वापरली होती, पेटंट १९६९ चं. तेव्हा ती खिडकीएवढी असे आणि प्रकाश इतका कमी मिळे की वैमानिक कायम संध्याकाळीच उडत!

भिंगरी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण कारण अगदी तेच.

रसिका_त
मध्येच विचारते, जाहिरातीत २०० लिहिलेलं असतं ते मग खोटं का? एका हेडसेटची माहिती वाचत होते, एके ठिकाणी २०० आणि दुसरीकडे १६०.

खडूस पिक्सेल
खोटं नाही, तिरपं. टीव्हीचे इंच कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजतात तसं. पायमॅक्सनं २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर जे २०० सांगितले ते कर्णाचे. आडवं मोजलं तर १६० च्या आसपास.

दुसरी चलाखी याहून बारीक. आकडा दोन्ही डोळ्यांचा मिळून असतो. डोळ्यांचं दृश्य मधे एकमेकांवर चढतं, नैसर्गिकरीत्या १२० अंशांच्या आसपास, आणि खोली तिथेच कळते. एखाद्यानं दोन्ही भिंगं थोडी बाहेर सरकवली की एकूण आकडा फुगतो, पण मधला सामाईक भाग घटतो. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना काळपट कोर दिसायला लागते, एका डोळ्याला दिसतंय आणि दुसऱ्याला नाही अशी. जाहिरातीत सामाईक भाग किती ते छापलेलं नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही.

रसिका_त
समजलं. थोडक्यात फ्लॅटचा कार्पेट एरिया विचारायचा.

लॅमिंग्टन रोड
कोणी स्वस्तातला मार्ग सांगितलाच नाही! मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये भन्नाट गोष्ट केली होती. डोळस म्हणतात तसं कडेला स्पष्टता लागतच नाही ना? मग कडेला स्क्रीन तरी कशाला? हेडसेटच्या आत भिंगांच्या भोवती रंगीत एलईडी लावले, त्यांच्यावर प्रकाश पसरवणारा थर, आणि कडेच्या दृश्यात जो रंग असेल तो रंग त्या त्या एलईडीला. नुसते ठिपके, पण हालचाल कळते. बघणाऱ्याला दृष्टिक्षेत्र खूप मोठं वाटलं.

मी घरी हे करतोय. सुटे सुटे रंग बदलणारी एलईडीची पट्टी, फोमच्या आतल्या कडेला चिकटवली, वर केक भाजताना घालतात त्या बटर पेपरचे दोन थर. छोट्या कंट्रोलरला पीसी रंग पाठवतो. पहिला त्रास असा की पट्टी इतकी झगझगीत की मधलं चित्र फिकं पडलं. ब्राइटनेस अगदी तळाला आणावा लागला. दुसरा त्रास: पट्टीचा प्रकाश तिरका भिंगावर पडून आत चकाकी येते. त्यासाठी मधे काळ्या कागदाची बारीक भिंत उभी केली. आता रात्रीच्या ट्रॅकवर बाजूच्या गाडीचे दिवे उजवीकडून मागून पुढे सरकतात तेव्हा मान आपोआप वळते! वायरिंग मात्र फार दिखाऊ नाही, फोटो टाकणार नाही.

कोकणी कैरी
गणपतीच्या मखराची माळ डोक्याला बांधून बसलेला गृहस्थ डोळ्यासमोर आला.

उंटावरचा शहाणा
हे मात्र आवडलं. भिंगालाच सगळं करायला लावायचं, हा हट्ट सोडला की मार्ग निघतो.

भिंगरी
भिंगाचा मार्गही बंद झालेला नाही हो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत मेटानं बोबा ३ नावाचा प्रयोगातला हेडसेट दाखवला. आडवं १८०, उभं १२०. त्यांच्याच म्हणण्यानुसार माणसाच्या दृष्टिक्षेत्राचा सुमारे ९० टक्के भाग त्यात येतो, क्वेस्ट ३ मध्ये ४६. एका डोळ्याला ४के × ४के, अंशाला ३० पिक्सेल. म्हणजे रुंद करूनही क्वेस्ट ३ पेक्षा धूसर नाही. भिंगं पॅनकेकच, पण पोलरायझरचा पापुद्रा सपाट न ठेवता खूप वक्र पृष्ठभागावर बसवलाय, त्यामुळे कडेचे किरणही बरेचसे सरळ पडतात. वर मी तिरप्या किरणांचं रडगाणं गायले, त्याचं उत्तर हेच. पापुद्रा सुरकुती न पडता असा ताणून बसवणं हे मात्र कारखान्यासाठी अवघड काम.

दुसरा पंथ इस्राएलच्या हायपरव्हिजनचा: एका डोळ्याला दोन पॅनकेक, एक समोर, एक कानाकडे, आणि मधला सांधा जुळवायचा. त्यातून २४० अंशांपर्यंत गेलेत. कागदावर मला हा पंथ जास्त पटतो, कारण कोणत्याच एका भिंगाला अशक्य कोन करावा लागत नाही. पण सांधा डोळा कुठेही फिरला तरी दिसू नये ही अट फार कडक आहे.

खडूस पिक्सेल
आणि बोबा ३ ला दणकट पीसी लागतो, हे बारीक अक्षरात. डोळ्याचा माग काढून मधेच तेवढं बारीक आणि कडेला ढोबळ रेंडर करणं सगळ्या गेमांनी मनावर घेतलं तरच हे घराघरात. वार्यो कंपनीच्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला दोन चित्रं, एक ढोबळ रुंद आणि एक बारीक छोटं, अशी पद्धत चालते. फ्लाइट सिमवाले ती आता इतर हेडसेटवरही ओढून आणतात. रेसिंगवाले कधी उठतात बघू.

चौथा गिअर
बाप रे. प्रश्न विचारला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं निघेल. सर्वांना धन्यवाद. माझं कार्ड मध्यम आहे, खडूसभाऊंच्या पावणेपाच पटीत ते पहिल्याच वळणावर आडवं होईल. तेव्हा वापरलेल्या हेडसेटवाल्याला नाही कळवलं. विकणारा म्हणतो भिंगांवर ‘किरकोळ’ ओरखडे आहेत, तेही एक होतंच.

पण १२ मिमी आणि २० मिमीचा हिशेब डोक्यातून जाईना. आहे त्याच हेडसेटमधून काही काढता येईल का? मला चष्मा आहे, उणे अडीच.

डोळस
येईल, आणि तेच आधी करा. चष्म्यामुळे तुम्ही भिंगापासून बरेच मागे आहात. हेडसेटच्या भिंगावर बसणाऱ्या नंबरच्या चकत्या मिळतात, नाहीतर खेळताना कॉन्टॅक्ट लेन्स. दोन्हींत नंबर अलीकडेच तपासलेला हवा. सिलिंडर असेल तर तो आणि त्याचा अक्षही सांगा, नाहीतर चित्र धूसर राहतं आणि डोकं दुखतं.

लॅमिंग्टन रोड
आणि चेहऱ्याची गादी पातळ करा. मूळ गादीपेक्षा निम्म्या जाडीचा फोम वेलक्रोनं लावला की फरक लगेच कळतो. गालाकडे मूळ जाडी ठेवा आणि कपाळाकडे कमी करा, म्हणजे हेडसेट नाकावर टेकत नाही.

चौथा गिअर
करून बघितलं. चकत्या यायच्या आहेत, तोवर जुन्या कॉन्टॅक्ट लेन्स आणि पातळ फोम. आधी डाव्या आरशाची बाहेरची कड मान न वळवता दिसत नव्हती, आता दिसते. शेजारून येणाऱ्या गाडीचं नाकही थोडं आधी डोकावतं. २०० नाहीत, पण फुकटात मिळाले. एकच कटकट: पापण्या भिंगाला घासतात आणि प्रत्येक रेसनंतर मधोमध तेलकट पट्टा.

डोळस
मग दोन-तीन मिमी मागे या. पापण्या लागत असतील तर डोळा अर्धवट मिटून खेळाल आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतील. कॉन्टॅक्ट लेन्स किती जुन्या आहेत? मुदत संपली असेल तर आजच टाकून द्या.

भिंगरी
पट्टा काढायला सॅनिटायझर, स्पिरिट काही लावू नका, प्लास्टिकच्या भिंगावरचा लेप जातो. कोरडं मायक्रोफायबर, मधून सुरू करून गोल गोल बाहेर. आणि खेळून झालं की उन्हात, खिडकीत ठेवू नका. भिंग उलटंही चालतं, सूर्य थेट स्क्रीनवर गोळा होतो आणि कायमचा डाग पडतो.

चौथा गिअर
खिडकीतच ठेवतो. उठलो.